मुखत्यारीचा प्रवास

मनुष्य आपली पुष्कळ कामे दुसऱ्याकरवी करवून घेतो. शेत कसणे, दावा चालविणे, मुलीसाठी स्थळ शोधणे, इतकेच काय, देवावरचा अभिषेकसुद्धा. यांपैकी कोणती कामे सोपविता येतात आणि कोणती येत नाहीत, हा प्रश्न वकिलाच्या व्यवसायात नित्याचाच आहे. पाहणे हे कोणत्या वर्गात पडते? दोन दिवसांच्या सहलीच्या बसमध्ये बसून, मार्गदर्शक सांगेल तेथे उतरून आणि तो शिटी वाजवील तेव्हा पुन्हा चढून जो गृहस्थ घरी परततो आणि ‘मी दांडी पाहिली’ असे सांगतो, त्याचे हे विधान कितपत ग्राह्य धरावे?

साहित्यिक मंडळींचे यावरील उत्तर ठरलेले आहे. त्यांच्या मते ही मेंढरांची वाटचाल. खरा प्रवासी तो, जो एकटा निघतो आणि वाट चुकतो. हे मत मला मान्य नाही. बडोद्याहून शनिवारी पहाटे सुटणाऱ्या अशा बसमध्ये कोण बसलेले असतात ते एकदा पाहावे. निवृत्त शिक्षक असतात, गुडघ्यांनी दगा दिलेली माणसे असतात, ज्यांना एकटे जाण्याची मुभा उभ्या आयुष्यात मिळाली नाही अशा स्त्रिया असतात. गायकवाडांच्या चाकरीसाठी तीन-चार पिढ्यांपूर्वी कोकण सोडून आलेल्या घराण्यांतील काही असतात. त्यांच्यापुरता समुद्र आजीच्या बोलण्यातच उरलेला असतो. वाट चुकण्याची चैन त्यांना परवडणारी नाही. शिवाय पंढरीची वारी तरी काय आहे? दिंडी ठरलेली, मुक्काम ठरलेले, पुढे कोण आणि मागे कोण हेही ठरलेले. तेवढ्यावरून वारकऱ्याची भक्ती उसनी आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही.

तेव्हा दुसऱ्याने नेले हा दोष नव्हे. प्रश्न निराळा आहे, आणि तो कायद्याच्या भाषेत मांडला तर अधिक स्पष्ट होतो. १८७२ च्या करारकायद्याच्या २२६ व्या कलमाचा आशय असा की, मुखत्याराने अधिकारात राहून केलेला करार मालकाने स्वतः केल्यासारखाच मालकावर बंधनकारक होतो. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली जानकी वाशदेव भोजवानी यांच्या प्रकरणात स्पष्ट केली: मुखत्यार मालकाच्या वतीने कृती करू शकतो, परंतु जे केवळ मालकालाच स्वतः ठाऊक असू शकते त्याबद्दल तो मालकाऐवजी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही. एकंदरीत आपली जबाबदारी मुखत्याराने उचलली असे होत नाही, आणि आपले ज्ञानही त्याच्याकडून उसने मिळत नाही. मुखत्यारपत्र लिहून देणारे बहुतेक अशील या दोन्ही गोष्टी नेमक्या विसरतात.

आमच्या सहलीत पहिला मुक्काम दांडीचा होता. ३० जानेवारी २०१९ रोजी उद्घाटन झालेले मीठ-सत्याग्रहाचे राष्ट्रीय स्मारक तेथे आहे. पदयात्रींचे पुतळे आहेत, यात्रेतील प्रसंगांचे शिल्पपट आहेत. खारे पाणी आटवून चिमूटभर मीठ आपल्या हाताने तयार करून पाहावे, अशी सोयही स्मारकाच्या योजनेतच आहे. कल्पना वाईट नाही. मुलांना ती आवडते, आणि मोठ्यांना मुलांपेक्षा अधिक.

दांडीहून तिथलकडे जाताना खाडीच्या बाजूला मिठागरे दिसू लागली. भरतीचे पाणी घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडीत उन्हात आटवायचे, शेवटच्या वाफ्यात खडा धरला की लाकडी दंताळ्याने ओढून ढीग घालायचे, असे हे काम पावसाळ्यापर्यंत चालते. देशातील तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ एकट्या गुजरातेत पिकते. बसमध्ये माहेरच्या शिरोड्याच्या एक वृद्ध बाई होत्या. शिरोड्यासही मिठागरे आहेत, आणि १९३० साली तेथेही मिठाचा सत्याग्रह झाला होता. बाईंनी मार्गदर्शकाला विचारले, “इथे मजुरी रोजावर देतात की मापावर?” त्याला ते ठाऊक नव्हते. “मग थांबवा की दहा मिनिटे, विचारून येते.” तो अदबीने म्हणाला, “मासी, कार्यक्रमात नाही. तिथलचा सूर्यास्त चुकेल.” तरी त्याने सर्वांचे मत घेतले. माझ्यासह सात-आठ हात वर झाले. बस पुढे गेली.

मार्गदर्शकाचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. छापील कार्यक्रम हा चाळीस जणांशी केलेला करार होता. त्यात सूर्यास्त होता, मिठागर नव्हते. परंतु त्यामुळेच पुढचा निष्कर्ष अटळ होतो. मिठागर टाळून बस गेली ती मार्गदर्शकाची नव्हे, आम्हा चाळीस जणांची कृती होती. ज्या मिठासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या त्याची चिमूट पुडीत बांधून घेतलेल्या बसनेच ते आजही पिकविणाऱ्यांना काचेतून मागे टाकले. ‘आम्हाला दाखविलेच नाही’ हा बचाव येथे टिकत नाही.

१९३० ची ती पदयात्राही काटेकोरपणे आखलेली होती, हे आपण विसरतो. १२ मार्चला साबरमतीहून निघून ५ एप्रिलला दांडीस पोचायचे. गावे व मुक्काम आधीच जाहीर झालेले. बरोबरच्या ७८ जणांत आपले पंडित नारायण मोरेश्वर खरे होते. वाटेतील नवसारी तेव्हा बडोदे संस्थानात होती, आणि दांडी ब्रिटिश मुलखातील जलालपूर तालुक्यात. इतके सारे ठरलेले असताना त्या प्रवासात वेगळे काय होते? चालणे, असे कोणी म्हणेल. मला ते पुरेसे वाटत नाही. निघण्यापूर्वी गांधींनी वाटेतील गावांकडून माहिती मागविली होती: लोकसंख्या किती, अस्पृश्य किती, चरखे किती, गाई-म्हशी किती, सारा किती, आणि माणशी मीठ किती लागते. म्हणजे कार्यक्रमपत्रिकेच्या जोडीला प्रश्नपत्रिका होती. साक्षीदार विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो, आणि गावही तसेच असते.

२९ मार्चला सुरत जिल्ह्यातील भाटगाम येथे गांधींनी केलेले भाषण या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. रात्रीच्या वाटचालीसाठी यजमानांनी एका मजुराच्या डोक्यावर घासलेटचा जड दिवा दिला होता आणि त्याला घाईने चालविले जात होते. ते दृश्य सहन न होऊन गांधी पुढे झपाट्याने निघाले. परिणाम एवढाच झाला की त्या मजुराला त्यांच्यामागे पळविण्यात आले. व्यवस्था गांधींनी केलेली नव्हती, दिवाही त्यांनी मागितला नव्हता. तरीही ते यजमानांना नावे ठेवून मोकळे झाले नाहीत. त्यांनी तो हिशेब स्वतःच्या आणि सोबत्यांच्या नावावर मांडला. ओझे न्यायचेच तर आपल्यापैकीच कोणी ते उचलावे, असे ते म्हणाले. करारकायद्याचे ते कलम नीतीच्या क्षेत्रात याहून स्पष्ट रीतीने लागू केलेले मला आठवत नाही.

तिथलला सूर्यास्त उत्तम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्याच शिरोड्याच्या बाईंनी चालकाला विचारले, “रात्री कुठे निजलात?” तो म्हणाला, बसमध्येच, डासांमुळे काचा लावून. उतारघरात त्याच्यासाठी खाट धरलेली नव्हती. ती वर्गणीत धरली असती तर माणशी किती वाढले असते, याचा हिशेब बाईंनी परतीच्या वाटेवर मार्गदर्शकाकडून कागदावर करून घेतला. तो दहा रुपये निघाला.