ट्यूबची मागची बाजू

तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे. औषधांची कपाटं आत भिंतीला, आणि दाराशी, येणाऱ्याची नजर आधी जाईल तिथे, क्रीम, सीरम आणि फेसवॉशचं काचेचं कपाट. हल्ली सगळ्यात जास्त बोलावं लागतं ते याच कपाटापुढे. रक्तदाबाच्या गोळीत काय आहे हे कोणी विचारत नाही. डॉक्टरांनी दिली, घेतली, संपलं. सीरममध्ये काय हवं ते मात्र पोरी पाठ करूनच येतात. "ताई, नायसिनामाइड दहा टक्के आहे का? झिंकवालं द्या." मी दोन बाटल्या काउंटरवर ठेवते, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: यातली चांगली कुठली?

उत्तर मला येतं. फार्मसी शिकले आहे, रोज हेच बघते. पण ते उत्तर देताना मी नक्की काय विकते, हे स्वतःला एकदा नीट विचारायला हवं असं बरेच दिवस वाटतंय. गिऱ्हाइकाला फसवत नाही एवढ्यावर समाधान मानावं का? की त्याच्या पुढेही माझी काही जबाबदारी आहे?

आधी ठामपणे सांगता येतं ते सांगते. ट्यूबची पुढची बाजू कंपनी स्वतःच्या हौसेने लिहिते, मागची बाजू कायदा लिहायला लावतो. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्का आणि त्याखालचे त्यानंतर, कुठल्याही क्रमाने चालतात. ही एक टक्क्याची हद्द यादीत कुठे आली ते छापलेलं नसतं, पण ती ओळखायची एक युक्ती आहे. फिनॉक्सीइथेनॉल नावाचं प्रिझर्वेटिव्ह बऱ्याच क्रीममध्ये असतं आणि ते एक टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. म्हणजे त्याच्यानंतर छापलेलं जवळपास सगळं चिमूटभर असतं.

आता एखादी केशराच्या चित्राची क्रीम उलटी करून बघा. पाणी, ग्लिसरीन, स्टिअरिक आम्ल, खनिज तेल, मग फिनॉक्सीइथेनॉल, मग सुगंध, आणि सुगंधाच्याही मागे केशराचा अर्क. चित्रात केशराच्या काड्यांचा ढीग आणि ट्यूबमध्ये केशर चिमूटभर! अर्थात एक टक्क्याखालचं सगळंच फुकट असं नाही. रेटिनॉल एक टक्क्याहून कमी असूनही काम करतं, आणि जास्त घातलं तर कातडी सोलवटून काढतं. म्हणून यादीतला क्रमांक आणि त्या पदार्थाचा गुण, दोन्ही माहीत असावे लागतात.

कोरड्या त्वचेचा हिशोब तर फारच सोपा आहे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पेट्रोलियम जेली ते उडून जाऊ देत नाही. ही जेली १८७२ साली अमेरिकेत पेटंट झाली, आणि कातडीतून पाणी उडणं रोखण्यात तिच्या तोडीचं फार थोडं काही त्यानंतर निघालं. हायलुरॉनिक आम्लही पाणीच धरतं. ग्लिसरीनला तेच काम कितीतरी स्वस्तात जमतं. पुटकुळ्यांना सॅलिसिलिक आम्ल, कारण ते तेलात विरघळतं आणि तेलाने बुजलेल्या छिद्रात शिरतं. ग्लायकोलिक आम्ल पाण्यात विरघळतं, ते वरची मृत कातडी सैल करतं. व्हिटॅमिन सी हवेने आणि उजेडाने खराब होतं, म्हणून बाटलीतला द्रव तपकिरी झाला की पैसे वाया. ही तुलना करायला मला आवडतं. त्यात खोटं काही नाही आणि गिऱ्हाइकाचे चार पैसेही वाचतात.

अडतं ते नायसिनामाइडपाशी.

हे व्हिटॅमिन बी-३ चं एक रूप. पेलाग्रा नावाचा एक आजार होता. त्यात उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलायची, गळ्याभोवती पट्टा उमटायचा, पुढे जुलाब आणि भ्रम व्हायचा. अमेरिकेत मक्यावर जगणारे गरीब लोक त्याने मेले. १९३७ साली कॉनराड एल्वेहजेम यांनी दाखवून दिलं की कमतरता या जीवनसत्त्वाची आहे. आपल्या दख्खनच्या पठारावर तो ज्वारी खाणाऱ्यांत दिसायचा. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन यांनी ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाशी त्याचा संबंध असावा अशी मांडणी केली. भाकरीला दोष देण्याचं कारण नाही. तिच्याबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे असतील तर हा आजार जवळ येत नाही. ज्यांच्या ताटात भाकरीशिवाय काहीच नव्हतं, त्यांची कातडी काळी पडत होती.

तेच जीवनसत्त्व आता माझ्या काचेच्या कपाटात आहे. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी असतात. तयार झालेला रंग त्या बारीक पुडक्यांतून आजूबाजूच्या पेशींना देतात, आणि नायसिनामाइड लावलं तर ही देवघेव थोडी मंदावते. शिवाय कातडीची वरची भिंत मजबूत होते, तेलकटपणाही जरा कमी होतो. दोन ते पाच टक्के पुरतात. दहा टक्क्यांनी दुप्पट गुण येत नाही, काहींची आग मात्र होते. कोजिक आम्ल आणि अर्बुटिन वेगळ्या वाटेने जातात. रंग बनवायला टायरोसिनेज नावाचं विकर लागतं, त्यालाच ते अडवतात. हे सगळे घटक मुरुमांचे डाग, उन्हाने रापलेपण आणि थोडंफार वांग यांवर हळूहळू, महिन्यांच्या हिशोबाने काम करतात.

आणि नेमक्या या खऱ्या गोष्टीच्या आधाराने दुसरंच काहीतरी विकलं जातं. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली आली, तिच्या मुळाशी हेच नायसिनामाइड होतं. सावळ्या माणसाला दुःखी, हरलेलं दाखवू नका, असं जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने २०१४ मध्ये सांगितलं. २०२० मध्ये नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. चांगलंच झालं. पण माझ्या काउंटरवर फरक काय पडला? पूर्वी आई मुलीला पुढे करून दबक्या आवाजात म्हणायची, "हिचं बघायचं चाललंय, रंग जरा उजळायला काहीतरी द्या." आता मुलगी एकटी येते, स्वतः टक्केवारी सांगते, 'ब्राइटनिंग' म्हणते, 'इव्हन टोन' म्हणते, 'टॅन' म्हणते. तिला रसायनशास्त्र माझ्याइतकंच पाठ आहे. भीती मात्र आईचीच आहे.

इथे सावळ्या विठ्ठलाचा दाखला देऊन विषय मिटवणं सोपं आहे. पण आषाढीला त्याच्या पायावर डोकं ठेवणारं घरच स्थळ बघताना बायोडेटातल्या 'वर्ण' या रकान्याशी थांबतं. तेव्हा देवाला मधे न आणलेलं बरं.

मग माझा प्रश्न असा. मुलगी नायसिनामाइड मागते, मी चांगल्यातलं देते, किंमत वाजवी, माहिती खरी. ती 'डागांसाठी' म्हणते, आणि मला दिसतं की गालावर एकही डाग नाही. ती फक्त सावळी आहे. अशा वेळी मी काय बोलते? जे विचारलं तेवढ्याचंच उत्तर देते. दुकानदारीच्या दृष्टीने त्यात काही वावगं नाही. सीरमवर मार्जिन गोळ्यांच्या पाकिटापेक्षा चांगलं सुटतं, एजन्सीवाला दहावर एक फुकटची स्कीम देतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण विचारलं तेवढंच सांगणं म्हणजे प्रामाणिकपणा की सोय? तिने न विचारलेला प्रश्न मला ऐकू आलेला असतो. तो ऐकूच आला नाही असं मी स्वतःला तरी कसं सांगू?

जिथे कायदा माझ्या बाजूने आहे तिथे हे सोपं जातं. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडं, आणि मोमेटासोनबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असलेली तिहेरी क्रीम, लोक नावाने मागतात. "शेजारच्या वहिनींना फरक पडलाय," म्हणतात, आणि पडलेला असतोच. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, रंगही फिका पडतो, चार दिवसांत चेहरा उजळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते. बंद केलं की इतकी आग आणि लाली होते की बाई घाबरून परत तीच ट्यूब लावते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेला या दुरुपयोगाविरुद्ध वेगळं कृतीदल नेमावं लागलं, आणि २०१८ मध्ये सरकारने अशा क्रीमचे नियम कडक केले. कोपऱ्यात आरएक्स छापलेलं असतं. चिठ्ठी नाही तर क्रीम नाही, एवढं म्हणून मी मोकळी होते. पण काउंटरवर वाद नको म्हणून 'नाही'च्या पुढे एक वाक्यही बोलले नाही, तर त्या बाईला समजलं काय? एवढंच की हे दुकान नडतं आणि पुढचं नडत नाही.

याहून वाईट ती पांढरी डबी, जिच्यावर घटकांची यादीच नसते. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एका घरातल्या मायलेकींची मूत्रपिंडं अशा क्रीमने बिघडल्याची बातमी आली. मुंबईच्या केईएममध्ये शोध लागला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातही त्याच वर्षी अशी प्रकरणं पुढे आली. पारा टायरोसिनेजला अडवतो, म्हणून रंग खरोखर उतरतो, आणि तो कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडापर्यंत पोचतो. सौंदर्यप्रसाधनात तो चुकून आला तरी दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. डोळ्यांच्या प्रसाधनांची मर्यादा तेवढी वेगळी आहे. पारा घातलाय असं कुठल्या डबीवर कोण छापेल? अशी डबी माझ्या दुकानात नाही, कधी नव्हती. पण ती विकत घेणारी बाई आणि माझ्याकडून बिलावर सीरम नेणारी मुलगी यांना जे हवंय ते एकच आहे. मी त्यातला सुरक्षित माल ठेवते, एवढाच फरक. तो फरक मोठा आहे, जिवाचा आहे. त्याने माझं सगळं देणं मात्र फिटत नाही.

आणि मी स्वतः? मी रोज सनस्क्रीन लावते. एसपीएफ तीस साधारण ९७ टक्के यूव्ही-बी किरणं अडवतं, पन्नास ९८ टक्के. म्हणून तीसवालं, पण भरपूर लावावं, हे मी सगळ्यांना सांगते. वांगाचा त्रास असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन, कारण वांग डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतं. हे सगळं बरोबर आहे. पण लग्नघरी उन्हात फिरून रापून आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "किती काळवंडलीस गं," तेव्हा जे टोचतं ते वांगाच्या भीतीने टोचत नाही. टायरोसिनेज कसं चालतं ते जाणणाऱ्या बाईलाही ते टोचतं. ज्ञानाने ही भीती आपोआप जात नाही. उलट तिला शास्त्रीय भाषा मिळते आणि ती अधिक सभ्य दिसू लागते. माझ्या काउंटरवरच्या मुलींना मी मनातल्या मनात वेडं ठरवू नये, एवढं तरी मला यातून समजायला हवं.

म्हणून आता मी विचारलेल्या प्रश्नाच्या एक पाऊल पुढे बोलायचं ठरवलंय. मुलीला म्हणते, दंडाची आतली बाजू बघ, जिथे ऊन लागत नाही. तो तुझा रंग. बाहेरचा रापलेपणा उतरला तर तिथपर्यंत उतरेल, त्याच्या पलीकडे सुरक्षितपणे नेणारी क्रीम या कपाटात नाही आणि दुसऱ्या कुठल्या दुकानातही नाही. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. त्या किती आणि कसलं मेलॅनिन बनवतात एवढाच फरक. आणि जास्त मेलॅनिन असणं हे उन्हाच्या देशात संरक्षण आहे. काही जणी ऐकून हसतात आणि सीरम घेतात. काही जणी साधं मॉइश्चरायझर घेऊन जातात. एखादी रागावतेही. सीरम मागणाऱ्या प्रत्येकीला मी अडवणार नाही. स्वतःच्या पैशाने काय लावायचं हा तिचा अधिकार आहे. मात्र माझ्याकडून जाताना तिने अर्धीच माहिती नेलेली नसावी.

तुम्हीही ट्यूब उलटी करून वाचा. यादी नसेल, बॅच नंबर नसेल, उत्पादकाचा पत्ता नसेल, तर ती हातातून खाली ठेवा. आरएक्स दिसलं तर डॉक्टरांकडे जा. आणि घटकांची तुलना करून झाल्यावर दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारा: याने काय होणार नाही? त्याचं उत्तर आम्हाला माहीत असतं. तुम्ही विचारत नाही, म्हणून आम्ही सांगत नाही.