शुद्धीत केलेलं

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांपैकी चौथीवर माणसानं स्वतःचा झाडा स्वतःच घ्यायचा असतो, तोही लेखी. कुणाबद्दल राग आहे, कशावरून आहे, त्यानं आपलं काय दुखावलं, आणि शेवटी, त्यात आपला वाटा किती. मी सातपूरच्या एका कारखान्यात वर्षानुवर्षं हिशेब लिहिले. रकाने आखायला वेळ लागला नाही. पहिले तीन भराभर भरलेसुद्धा. चौथा मात्र बरेच महिने कोरा राहिला. तो का राहिला, ते आज लिहायचं आहे.

मला दारूचं व्यसन आहे. 'होतं' असं आम्ही म्हणत नाही. मी नाशिकची आहे, बाई आहे, आई आहे, आणि या तिन्ही गोष्टींच्या आड मी लपले.

आधी नाशिकचं. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा आमच्या लहानपणापासूनच्या. वाइन मात्र आमच्या डोळ्यांदेखत आली. २००१ मध्ये सरकारनं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनरी उभ्या राहिल्या, आणि बाहेरगावचे पाहुणे आले की काळाराम, पंचवटी, मिसळ आणि वाइनरी असा बेत ठरू लागला. घरात बाटली असणं शोभेचं झालं. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा तर ते थेट राजकारणात गाजलं. शेतकऱ्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं मला समजतं. माझं माहेर द्राक्षवाल्यांचं आहे. पण साधा गुणाकार करून बघा. ७५० मिलीच्या वाइनमध्ये साडेबारा टक्के अल्कोहोल धरलं तर ते ९० मिलीच्या वर जातं. १८० मिलीच्या व्हिस्कीच्या चपटीत ४२.८ टक्क्यांनी होतं ७७ मिली. ज्या चपटीला मी नाक मुरडत होते तिच्याहून जास्त अल्कोहोल माझ्या शोभेच्या बाटलीत होतं, आणि ती मी संध्याकाळभरात एकटी संपवत होते. हा गुणाकार मला येत नव्हता असं नाही. मी तो केला नाही. पुढे वाइन पुरेना, तेव्हा चपटीही घरात आलीच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या दारू पिणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ०.४ टक्के आलं, पुरुषांचं १३.९. माझ्या दारात पाहणीवाली आली असती आणि सासूबाई शेजारी बसल्या असत्या, तर मीही 'नाही' म्हणाले असते. पुरुष पितो तेव्हा बायको घर सावरते, चार लोकांत बोलते, प्रसंगी गावातली बाटली आडवी करायला मतदानाला उभी राहते. बाई पिते तेव्हा घर तिला झाकतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं मूळ पुस्तक १९३९ चं. त्यात एक अख्खं प्रकरण बायकांना उद्देशून आहे, पिणारा नवराच असणार हे गृहीत धरून. नवऱ्यांसाठी तसं प्रकरण नाही. आमच्या ह्यांना काय करावं हे सांगणारं कुणी नव्हतं, हे मला आता दिसतं. तेव्हा मात्र मला ते झाकणं सोयीचं होतं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे हे कुणाला माहीत नाही? 'तिथं सगळे पुरुष' असं म्हणून मी तो विषय बंद करत असे. त्यांचं स्त्रियांसाठी 'निशिगंध' हे वेगळं केंद्र आहे हे मला कळलं होतं, त्यानंतरही मी तेच कारण देत राहिले.

हा आजार आहे, हे मला मान्य आहे. उपचारांत शिकवलं ते पटतं. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच दारूनं रक्तातलं अल्कोहोल जास्त चढतं, यकृत लवकर बिघडतं. सवय लागलेल्या माणसानं स्वतःच्या मनानं एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा, ते माझ्या स्वभावात खोट होती म्हणून नव्हे. एवढी सवलत मी स्वतःला मनापासून देते.

पण हिशेब लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. प्यायल्यावर मी काय काय केलं, यातलं निम्मं मला आठवत नाही. ओरडले असेन, पडले असेन. ते घरच्यांनी सांगितलं म्हणून कळलं. जे लख्ख आठवतं ते सगळं शुद्धीतलं आहे. सकाळी अकरा वाजता डोकं ठिकाणावर असताना बाटली गव्हाच्या कोठीत खोल रोवली. रिक्षावाल्याला वीस रुपये जास्त देऊन काळ्या पिशवीत मागवली. मुलीला शिकवलं, 'बाबांचा फोन आला तर सांग, आईचं पित्त वाढलंय, झोपलीये.' ती तेव्हा चौथीत होती. डॉक्टर म्हणतात, ही आखणीसुद्धा आजारच करून घेतो. त्यांचं खरं असेल. पण ते वाक्य मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं, नीट जमतंय का बघायला.

कुटुंबाच्या बैठकीत समुपदेशकांनी मुलीला विचारलं, आईनं घेतलीये हे तुला कसं कळायचं? मला वाटलं, वासावरून म्हणेल. ती म्हणाली, "पोळीवरून. घेतली नसेल तर आईच्या पोळीला पदर सुटायचे. घेतली असली की पोळी जाड व्हायची, कडेनं कच्ची. डबा उघडला की मला कळायचं, आज घरी जाऊन काय करायचंय." दहा वर्षांची मुलगी मधल्या सुट्टीत, मैत्रिणींत बसून, डब्यातल्या पोळीवरून संध्याकाळचा अंदाज बांधत होती.

ह्यांच्या रकान्यात माझं एक मोठं कलम होतं. ह्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून माझ्या चहात दारू सोडवायची गोळी घातली, मला न सांगता. ती गोळी पोटात असताना दारू घेतली तर धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं, काहीही होऊ शकतं. रुग्णाला सांगितल्याशिवाय ती द्यायचीच नसते. त्या रात्री मला दवाखान्यात न्यावं लागलं. ह्यांचं चुकलंच, आणि जाहिराती वाचून आजही जी घरं हे करतात त्यांनी करू नये, असं मी हात जोडून सांगते. पण पुढची कित्येक वर्षं विषय निघाला की मी ती रात्र काढायचे आणि घर गप्प व्हायचं. त्यांची चूक त्यांच्या नावे. माझ्या कलमांतून ती वजा करता येत नाही. चौथा रकाना कोरा राहिला तो या वजाबाकीमुळे.

आणि एक कलम. सासूबाईंच्या पाकिटातून पैसे जायचे. मुलगी नववीत होती. संशय तिच्यावर आला. सासूबाईंनी सगळ्यांसमोर तिचं दप्तर उलटं केलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, एक थेंबही न घेतलेली. मी बोलले नाही. उलट रात्री तिच्याजवळ बसून म्हणाले, 'घेतले असशील तर सांग, मी रागावणार नाही.'

नववी पायरी भरपाईची. ज्यांना दुखावलं त्यांची थेट भरपाई करायची, पण त्यानं त्यांना किंवा आणखी कुणाला इजा होणार असेल तर नाही. मी आधी मुलीची माफी मागायला निघाले होते. मग वाटलं, माफी मागणं म्हणजे तिच्याकडे पुन्हा काहीतरी मागणंच. लहानपणभर मी तिच्याकडे मागतच आले आहे. म्हणून मी सासूबाईंकडे गेले आणि मुलीदेखत सांगितलं, "आई, ते पैसे मी घेत होते. हिनं कधीच घेतले नाहीत." सासूबाईंना आता कमी ऐकू येतं, मला ते मोठ्यानं दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

मुलगी एवढंच म्हणाली, "आई, मला तर मधे मधे वाटायचं, मीच घेतले असतील आणि विसरले असेन." मग ती तिच्या कामाला निघून गेली. त्यानंतर आमचं फोनवर बोलणं होतं, कामापुरतं. तिला ज्या वेगानं यायचं त्या वेगानं येऊ दे, न यायचं तर तेही. माझी यादी संपलेली नाही. ह्यांच्या भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या पैशांचं कलम अजून सांगायचं आहे. ते या रविवारी, ह्यांची बहीण घरी असताना सांगणार आहे, कारण तिच्याशी त्यावरूनच ह्यांचं बोलणं बंद पडलं होतं.