मावशींची रजा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन आला. "ताई, आज जमणार नाही यायला. बारक्याला ताप आलाय."

आमच्या टीमचा रिलीजचा आठवडा होता. नवरा कामासाठी बंगळुरूला गेलेला. मुलगी अकरा महिन्यांची. मी "बरं, काळजी घ्या" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हा मनात पहिलं काय आलं ते खरं सांगते. 'पोराला काय झालं असेल' हे नाही आलं. 'नेमकं आजच?' हे आलं.

बारक्याला डेंग्यू निघाला. मावशी चार दिवस आल्या नाहीत. त्यातले दोन दिवस मी घरून काम केलं आणि दोन दिवस रजा टाकली. मॅनेजरने लगेच मंजूर केली, वर 'बाळाकडे बघ, इथलं आम्ही बघतो' असा मेसेजही केला. महिनाअखेरीस माझा पगार पूर्ण जमा झाला. मग मी मावशींचा हिशोब केला. १६,००० भागिले २६, म्हणजे दिवसाला ६१५. चार दिवसांचे २,४६० कापून उरलेले पैसे पाठवले. त्यांनी काही विचारलं नाही.

म्हणजे बारक्याच्या एकाच तापामुळे दोन आया घरी बसल्या. एकीचा पगार कापला गेला, आणि तो दुसरीने कापला. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला मला तीन आठवडे लागले. दिवसभर कोडमधले बग शोधणं हे माझं काम आहे, तरी.

बाई शोधताना आम्ही काय शोधत होतो, ते आता आठवून पाहते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने मला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. त्यात साठलेली रजा जोडली. ती संपत आली तशी शोधाशोध सुरू झाली. कंपनीने ठरवलेलं पाळणाघर संध्याकाळी साडेसहाला बंद होतं आणि आमचे अमेरिकेबरोबरचे कॉल तेव्हा सुरू होतात. सासूबाईंचे गुडघे, आईची नोकरी. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला, वॉचमनकाकांना सांगितलं, दोन ब्युरोंना फोन केले. ब्युरोवाल्याने पहिला प्रश्न विचारला, "बारा तासांची की चोवीस तासांची?" जणू पाण्याची टाकी घ्यायची होती.

सहा बायका येऊन गेल्या. प्रत्येकीला मी तेच प्रश्न विचारले. कुठे राहता, आधी कुठे होतात, आधार कार्ड आहे का, मोबाइल किती बघता. आणि "तुम्हाला मुलं आहेत का?"

हा शेवटचा प्रश्न मला आता टोचतो. उत्तर 'हो' यावं अशी माझी इच्छा होती, कारण बाळाची सवय असलेली बाई हवी होती. पण त्या मुलांनी आजारी पडू नये, त्यांच्या शाळेत पालकसभा असू नये, दुपारी त्यांचे फोन येऊ नयेत, हीसुद्धा इच्छा होती. मला आई झालेली बाई हवी होती, पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सात या वेळात तिने फक्त माझ्या मुलीची असावं.

ज्या ठरल्या त्या ३१ वर्षांच्या. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या, आणि मी त्यांना पहिल्या दिवसापासून मावशी म्हणते. हॉलमध्ये कॅमेरा लावतोय हे आम्ही त्यांना चाचरत सांगितलं. त्या म्हणाल्या, "लावा की. उद्या बाळ पडलं तर माझ्याकडून पण कोणीतरी बघितलेलं पाहिजे." कॅमेरा मी माझ्या भीतीसाठी आणला होता. त्यांनाही भीती असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मावशींना दोन मुलं. बारक्या चार वर्षांचा आणि मोठी मुलगी अकरा वर्षांची. राहायला काळेवाडीत. बारक्या सकाळी अंगणवाडीत असतो. मुलगी सकाळच्या शाळेतून आली की त्याला आणते, जेवू घालते, झोपवते, आई येईपर्यंत सांभाळते. माझं मूल मावशी सांभाळतात, त्यांचं मूल त्यांची मुलगी सांभाळते. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली अशा रचनेला काळजीची साखळी म्हटलं. त्या देशोदेशी स्थलांतर करणाऱ्या बायकांबद्दल लिहीत होत्या. आमची साखळी वाकडला सुरू होते आणि काळेवाडीत संपते, मध्ये शेअर रिक्षा आहे. ज्या कामाचे मी सोळा हजार देते, तेच काम साखळीच्या टोकाला एक अकरा वर्षांची मुलगी फुकट करते.

यावर माझ्या मैत्रिणींकडे तयार उत्तर आहे, आणि ते माझंही होतं. 'आम्ही त्यांना घरच्यासारखंच वागवतो.' दिवाळीला साडी, मुलीच्या वाढदिवसाला केक, जुना मोबाइल. हे सगळं मी केलं, मनापासून केलं. पण घरच्या मावशीचा मुलगा आजारी पडला तर आपण तिचे दिवस मोजत नाही. मी मोजले. आणि नोकरी म्हणावं, तर माझ्या नोकरीत असते तशी रजा त्यांच्या नोकरीत नव्हती. नातं आणि नोकरी या दोन्हींतला मला स्वस्त पडेल तेवढाच भाग मी घेतला होता. उशिरापर्यंत थांबायचं असेल तेव्हा त्या मावशी, पगाराच्या दिवशी कामवाल्या.

संभाजीराजे १६५७ साली जन्मले आणि १६५९ मध्ये सईबाई गेल्या. बाळराजांना दूध पाजलं ते कापूरहोळच्या धाराऊंनी. त्यांची मुलं राजांचे दूधभाऊ झाली. म्हणजे दुसऱ्याच्या आईचं दूध प्यायलं की तिच्या मुलांशीही आपलं काही लागतं, हे आपल्या भाषेला माहीत आहे. माझी मुलगी ज्यांच्या हातून पहिला वरणभात खाल्ला, त्यांच्या बारक्याची कोण लागते? यासाठी शब्द नाही. पण काहीतरी लागते, एवढं नक्की. त्याच्या वाट्याचे दिवसाचे दहा तास तिला मिळालेत.

मग मी काय करायचं? नोकरी सोडणं हे उत्तर नाही. माझं करिअर राहू दे, मावशींचा पगारही जाईल. त्यांचं घर त्यावर चालतं. पगार वाढवणं हे उत्तराचा भाग आहे, आणि तो वाढवला. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. माझ्या रजेला माझ्या मॅनेजरचा मूड चांगला असावा लागत नाही. ती माझी आहे. मावशींना जे मिळतं ते सगळं माझ्या मूडवर होतं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे, पण घरकामाच्या बाईला महिन्याला किती भरपगारी सुट्ट्या, हे अजून त्या त्या घरातली बाईच ठरवते. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला, तेव्हाही मागण्यांत पगाराबरोबर सुट्टी होती.

मी कापलेले २,४६० परत पाठवले. एका कागदावर लिहिलं : आठवड्याची सुट्टी सोडून वर्षाला अठरा दिवस भरपगारी रजा, आजारपण वेगळं, सातनंतर थांबल्यास तासाचे पैसे. मावशींनी कागद वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. म्हणाल्या, "पैसे द्यायचेच होते तर कापले कशाला होते?" आभार मानले नाहीत. मला थोडं लागलं. मग कळलं की मी आभाराची वाट बघत होते.

खरी परीक्षा दोन महिन्यांनी झाली. मावशी म्हणाल्या, "ताई, पुढच्या आठवड्यात तीन दिवस नाही येणार. गावाला जत्रा आहे."

जत्रा! आजारपण असतं तर मी समजू शकले असते, असं माझ्या ओठांपर्यंत आलं. मग आठवलं की मागच्या डिसेंबरात मी चार दिवस गोव्याला गेले होते. कोणी कारण विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मला राग आला असता.

"जा," म्हणाले, "अठरातले तीन." आवाजात थोडी कुरकुर होतीच. मावशींना ती ऐकू आली असणार. पण त्यांनी दुर्लक्ष केलं आणि मुलीला खांद्यावर घेऊन त्या गॅलरीत कबुतरं दाखवायला गेल्या. कागद असल्यामुळे माझ्या कुरकुरीकडे दुर्लक्ष करणं त्यांना परवडत होतं.