‘उपेक्खा’ आणि उपेक्षा

पाली ग्रंथाचें मराठी भाषांतर करणारास संस्कृताचें साहाय्य मोठें, आणि धोकाहि तेथेंच. ‘झान’ म्हणजे ध्यान, ‘सति’ म्हणजे स्मृति. ध्वनिनियम लाविले कीं मूळ सांपडलें. परंतु मूळ सांपडल्यानें अर्थ सांपडतोच असें नाहीं. विद् धातूवरून आलेल्या ‘वेदना’ शब्दाच्या पोटांत पालींत सुख, दुःख आणि अदुःखमसुख असे तिन्ही अनुभव येतात; मराठी वाचकास मात्र दुखणेंच आठवतें. ही अडचण ‘संवेदना’ शब्दानें तरी निभावून नेतां येते.

‘उपेक्खे’ची गोष्ट याहून बिकट. उप आणि ईक्ष् मिळून हा शब्द झाला. जवळून पाहणें हा त्याचा अवयवार्थ. मैत्री, करुणा व मुदिता यांनंतरचा हा चौथा ब्रह्मविहार. मराठींत त्याचें रूप ‘उपेक्षा’, आणि उपेक्षा म्हणजे हेळसांड! म्हाताऱ्या आईकडे मुलानें पाहिलें नाहीं, गांवानें एका वस्तीची विचारपूस केली नाहीं, कीं आपण ‘उपेक्षा झाली’ म्हणतों. तोच शब्द ध्यानमार्गाच्या शिखरावर ठेवला, तर साधकास निष्ठुरपणाचाच उपदेश केल्यासारखें होईल.

ही भीति निराधार नव्हे. पांचव्या शतकांत सिंहलद्वीपीं ‘विसुद्धिमग्ग’ लिहिणाऱ्या बुद्धघोषाचार्यांनीं प्रत्येक ब्रह्मविहाराचे जवळचे व दूरचे शत्रु सांगितले आहेत. उपेक्खेचे दूरचे शत्रु राग आणि प्रतिघ, म्हणजे आसक्ति व चीड. (येथेंहि ‘राग’ म्हणजे क्रोध नव्हे, बरें!) जवळचा शत्रु मात्र ‘अञ्ञाणुपेक्खा’, अज्ञानांतून आलेलें, गुणदोष न पाहणारें औदासीन्य. तें दिसतें अगदीं उपेक्खेसारखें, म्हणूनच अधिक घातक. मराठी शब्दानें नेमका हा शत्रूच घरांत घेतला आहे.

पातंजल योगसूत्रांतहि हेच चार शब्द आहेत. पण तेथें उपेक्षेचा विषय अपुण्य, त्यामुळें ‘दुर्लक्ष’ हा अर्थ कसाबसा खपतो. बुद्धघोषांची उपेक्खा सर्व प्राण्यांविषयीं आहे. तेथें तो खपत नाहीं.

मग दुसरा शब्द कोणता? ‘तटस्थता’ म्हणावें, तर बुडणाऱ्याकडे कांठावरून पाहणारा डोळ्यांपुढें येतो. अभिधम्मांतील ‘तत्रमज्झत्तता’ धरून ‘मध्यस्थता’ म्हणावें, तर सौदा जुळविणारा. ‘समता’ सर्वांत जवळची खरी, पण तिच्यावर सामाजिक हक्कांचा अर्थ आतां पक्का बसला आहे, आणि तो पुसावा अशी आमची मुळींच इच्छा नाहीं.

‘धर्म’ शब्द हाताशीं असतांहि 1956 च्या नागपुरांतील दीक्षेनंतर ‘धम्म’ हा शब्द मराठींत घरोघर रुळला. तशीच ‘उपेक्खा’हि राहूं द्यावी, आणि ती प्रथम येईल तेथें भाषांतरकारानें दोन ओळी खर्चून तिचा अर्थ सांगावा.