न दिसणं केव्हा प्रमाण?

जिनिव्हाजवळ सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेने ९१ किलोमीटर परिघाचा नवा भूमिगत कणत्वरक योजला आहे. पहिल्या टप्प्याचाच खर्च सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक, आणि तो सुरू होईपर्यंत २०४० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडेल. आक्षेप उघड आहे: सध्याच्या २७ किलोमीटरच्या यंत्राने २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन दाखवला, पण सुपरसिमेट्री या सिद्धांताने वर्तवलेले नवे कण काही आले नाहीत, मग पुन्हा हात हलवत परतण्यासाठी एवढा पैसा का ओतायचा? काही न सापडणं म्हणजे ज्ञान न मिळणं, असं इथे गृहीत धरलेलं आहे. कुमारिल भट्टांच्या मीमांसेला ते मान्य नव्हतं. जमिनीवर घडा नाही, हे कळणंही ज्ञानच, आणि त्याचं प्रमाण, म्हणजे ते मिळण्याचं साधन, अनुपलब्धी (न आढळणं). (नैयायिकांनी हे वेगळं प्रमाण नाकारलं, अभाव कळतो हे नाकारलं नाही.) अट मात्र कडक: घडा असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. अंधारात तो दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही.

ही अट समर्थकांनाही जाचते. हिग्जच्या वेळी ती पुरी होत होती. ठरावीक ऊर्जेपर्यंत हिग्ज, नाहीतर त्याच्या जागी दुसरं काहीतरी दिसायलाच हवं, असं गणितच सांगत होतं. सुपरसिमेट्रीचा कण मात्र दिसला नाही, तर तो अधिक जड असेल असं म्हणून पुढच्या यंत्राची वाट पाहता येते. त्यामुळे नव्या कणांचं आमिष दाखवून निधी मागणं मला गैर वाटतं. पहिल्या टप्प्याचं खरं समर्थन वेगळं आहे. तिथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळतील, लाखो हिग्ज तयार होतील, आणि हिग्जचं इतर कणांशी नातं किती घट्ट आहे ते आजच्यापेक्षा कितीतरी बारकाईने मोजता येईल. ते किती असावं, हे कणभौतिकीच्या प्रमाणित प्रतिकृतीने (स्टँडर्ड मॉडेल) आधीच सांगून ठेवलं आहे. आकडे जुळले नाहीत तर नवं भौतिकशास्त्र. जुळले तर अनेक पर्यायी कल्पना बाद. इथे विचलन न दिसणंही प्रमाण ठरतं.

हाच पैसा छोट्या प्रयोगांना द्यावा, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण एक मोठा प्रकल्प मोडला म्हणजे त्याचा निधी छोट्यांच्या पदरात पडतो, असा नियम नाही. शिवाय हिग्जची अशी मोजमापं छोट्या प्रयोगांत होतही नाहीत. नव्या यंत्राच्याच बोगद्यात २०७० नंतर प्रोटॉन आदळवण्याचा जो दुसरा टप्पा योजला आहे, त्याच्या समर्थकांनी मात्र ‘असतं तर दिसलंच असतं’ ही अट अजून पुरती पाळलेली नाही, आणि त्याला आज होकार द्यायची घाईही नाही.