मे महिन्यातलं रिकामं खाचर

मुळशी तालुक्यात मे महिन्यात भातखाचरं रिकामी असतात. भात दिवाळीच्या आगेमागे निघालेलं असतं, त्यावर कुणी वाल-हरभरा केला असेल तर तोही कधीचाच उरकलेला असतो. पुढचा पाऊस येईपर्यंत बांधाबांधांनी आखलेल्या त्या सपाट तुकड्यांत चरणारी गुरं सोडली तर काही दिसत नाही. तंबू ठोकायला याहून सोयीची जागा नाही. जमीन आयती सपाट, दगडगोटे वेचलेले, बसायला बांध आणि समोर डोंगर. पौडच्या रस्त्याने निघून घोटवड्यावरून रिहे खोऱ्यात शिरलं, शेजारच्या कोळवण खोऱ्यात गेलं किंवा डोंगरापलीकडे पवनेच्या काठाला उतरलं, की उन्हाळ्यातल्या शनिवारी हिंजवडी-वाकडची निम्मी पब्लिक तिथेच आली आहे की काय असं वाटतं.

पॅकेज तुम्हाला पाठ असेल. डोक्यामागे हजार-दीड हजार. पोचल्यावर चहा-भजी, अंधार पडला की बार्बेक्यू आणि शेकोटी, गिटारवाला किंवा नुसताच स्पीकर, सकाळी पोहे, अकराला चेकआउट. यात वाईट काहीच नाही. लोणावळ्याच्या हॉटेलात एसी लावून झोपण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मला अडचण आहे ती जाहिरातीतल्या एका शब्दाची. ‘मोकळ्या निसर्गात एक रात्र’, ‘मोकळ्या माळावर’, ‘मोकळं आकाश’. आकाशाचं ठीक आहे. जमीन मोकळी आहे हे कुणी ठरवलं?

सतराव्या शतकातला इंग्रज विचारवंत जॉन लॉक म्हणत असे की जमिनीत माणसाचे कष्ट मिसळले की ती त्याची होते. नुसतीच निसर्गावर सोडलेली जमीन त्याच्या लेखी वाया गेलेली. ही कल्पना पुढे साहेबाबरोबर जगभर फिरली आणि जिथे नांगर दिसला नाही तिथली जमीन बेवारस धरली गेली. आपल्या सातबाऱ्यावरही ‘पोटखराबा’ नावाची नोंद असते. शेतातला लागवडीला न येणारा भाग त्यात जातो. मग त्या भागातली करवंदं आणि जांभळं पोरांनी कितीही खाल्लेली असोत.

गंमत अशी की लॉकच्याच हिशेबाने पाहिलं तर भातखाचराइतकी कष्ट मुरलेली जमीन शोधून सापडणार नाही. डोंगरउतार कापून, दगड काढून, बांध घालून, पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरेल असा ढाळ साधून ती पिढ्यान्‌पिढ्या रचलेली आहे. तुमचा तंबू ज्या सपाटीवर नीट उभा राहतो ती सपाटी निसर्गाने दिलेली नाही. फक्त मे महिन्यात तिथे कष्ट दिसत नाहीत. ती जागा मोकळी नसून कुणाच्या तरी वर्षातली मधली सुट्टी आहे. आणि सुट्टी म्हणावी तर तीही पुरती नाही. याच दिवसांत कडेच्या एखाद्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून राब भाजलेला असतो. दूरवरून तो जळका काळा चौकोन वाटतो. काही जण त्याला आदल्या कॅम्पवाल्यांची शेकोटी समजतात. जूनमध्ये त्याच राखेत भाताची रोपं टाकायची असतात.

आता एक साधी गोष्ट घ्या. शनिवारी रात्री कुणाच्या तरी हातून बाटली फुटते. मोठे तुकडे उचलले जातात, बारीक अंधारात राहतात. रविवारी अकराला सगळे निघून जातात आणि खाचर पुन्हा रिकामं दिसतं. जुलैत त्याच खाचरात नडगीभर चिखल असतो आणि लावणीला उतरलेल्या बाया अनवाणी असतात, कारण त्या चिखलात चप्पल चालत नाही. काच तेव्हा लागते. ज्याने बाटली फोडली तो त्या क्षणी कुठल्यातरी मीटिंगमध्ये असतो, आणि त्याला विचारलं तर तो अगदी खरं सांगेल की आम्ही कुणालाच त्रास दिला नाही, तिथे कुणी नव्हतंच.

‘तिथे कुणी नव्हतं’ हे वाक्य मला या सगळ्या प्रकरणाचं मूळ वाटतं. ज्या तारखेला आपण होतो त्या तारखेला कुणी दिसत नव्हतं, एवढाच त्याचा खरा अर्थ आहे. नैतिक प्रश्नांमध्ये आपण माणसं मोजतो, पण महिने मोजत नाही.

यावर सरळ उत्तर येतं, आणि ते हलकं नाही. खाचर शेतकऱ्याने स्वतःच दिलेलं असतं. भातात किती सुटतं हे कुणाला ठाऊक नाही? आंबेमोहराचं नाव मोठं, पण खत, मजुरी आणि पाऊस यांचा हिशेब घातल्यावर हातात जे उरतं त्यापेक्षा चार शनिवार जास्त देऊन जातात. गावातली पोरं तंबू लावतात, बाया भाकऱ्या करतात, पैसा गावात राहतो. अशा वेळी पुण्यात बसून कुणी ‘पर्यटनाने गावं बिघडली’ म्हणायला लागलं की मला त्याचाच राग येतो. शिवाय वन-आरकेत तिघांनी राहणाऱ्या, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी पाहणाऱ्या पोरापोरींनी तारे बघायला कुठे जायचं? त्यातले कितीतरी लातूर-बीड-यवतमाळचे. लहानपणी शेतात राबून कंटाळलेली, आणि आता पैसे भरून ‘फार्म स्टे’ला येणारी. त्यांना शेत म्हणजे काय हे शिकवायला जाणं हास्यास्पद आहे.

या माणसांच्या बाजूने फार भक्कम युक्तिवाद १७९५ साली इमॅन्युएल कांटने करून ठेवला आहे. शाश्वत शांततेवरच्या आपल्या निबंधात तो म्हणतो की पृथ्वी गोल आहे. माणसं तिच्यावर अनंतापर्यंत पांगू शकत नाहीत, कधीतरी एकमेकांशेजारी येणारच, आणि पृथ्वीच्या पाठीवर मुळात कुणाचाच दुसऱ्यापेक्षा जास्त हक्क नाही. म्हणून परक्या जागी जाण्याचा, तिथे शत्रू न समजलं जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण हा हक्क भेटीचा आहे, मुक्कामाचा नव्हे. आणि लगेच पुढे तो युरोपातल्या व्यापारी देशांना झोडपतो. हे लोक भेटीला जातात आणि भेट म्हणजे जिंकणं समजतात. अमेरिका वगैरे प्रदेश त्यांना बिनमालकीचे वाटले, कारण तिथल्या रहिवाशांना त्यांनी जमेतच धरलं नाही. हिंदुस्थानचं नावही तो घेतो. म्हणजे पाहुण्याचा हक्क ज्याने मांडला त्यानेच ‘तिथे कुणी नव्हतं’ या वाक्याचा धोकाही ओळखला होता.

स्वीडनमध्ये तर हा भेटीचा हक्क १९९४ पासून राज्यघटनेतच आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून चालावं, रानातली बोरंबिरं खावीत, एखादी रात्र तंबू ठोकावा. अट एवढीच की घराजवळ नाही, पिकात नाही, त्रास नाही, नासधूस नाही. त्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. आपल्याकडे उलटं आहे. पैसे दिले की अटी संपतात. ‘आम्ही पे केलंय ना’ हे वाक्य रात्री दीड वाजता, स्पीकर कमी करा म्हणून सांगायला आलेल्या माणसाला ऐकवलं जातं. तो माणूस बहुतेक वेळा खाचराचा मालक नसतो, शेजारच्या वस्तीवरचा असतो. त्याला या व्यवहारातून काहीच मिळालेलं नसतं. खाचर एकाचं असतं, ते त्याने भाड्याने दिलं. रात्र सगळ्या वाडीची असते, ती भाड्याने द्यायचा अधिकार त्याला कुणी दिला?

मालकाने हो म्हटलं म्हणजे तिथे राहणाऱ्यांनी हो म्हटलं का, हा प्रश्न मुळशीला नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो याच तालुक्यात रक्ताघामानिशी विचारला गेला. टाटा कंपनीने मुळा आणि नीला यांचं पाणी अडवून, ते सह्याद्रीतून खाली कोकणात भिऱ्याला सोडून मुंबईसाठी वीज करायचं ठरवलं. पन्नासेक गावं पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते या लढ्यात. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. राजेंद्र व्होरांनी या सत्याग्रहाचा अभ्यास केला आहे. त्यात दिसणारी एक गोष्ट मला फार बोचते. बऱ्याच जमिनी कागदावर पुण्यातल्या सावकारांकडे होत्या, आणि मोबदला ठरल्यावर त्यांतल्या अनेकांना लढण्यात रस उरला नाही. कसणाऱ्यांना पैसे नको होते, जमीन हवी होती. कागदावरच्या मालकाला जमीन काय आणि पैसे काय, सारखंच. लढा १९२४ च्या अखेरीला संपला. धरण झालं. आज बुकिंगच्या पानावर त्याचं नाव ‘लेक व्ह्यू’ आहे.

तंबू आणि धरण यांची बरोबरी मी करत नाही. एक रात्र आणि एक जन्म यांत फरक आहे, तो कुणालाही कळतो. पण जमिनीकडे बघायची नजर एकच असू शकते, आणि मुळशी-मावळात ती नजर पाण्याजवळ हमखास सापडते. पवना धरणाच्या पोटात वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. नेमका कॅम्पिंगचा हंगाम. मंदिरासमोर फोटो काढले जातात, ड्रोन उडतात, ‘गूढ’ असं कॅप्शन पडतं. त्यात गूढ काही नाही. तिथे गाव होतं, गावाला देव होता, पन्नासेक वर्षांपूर्वी धरण झालं. गावातली काही कुटुंबं पर्यायी जमिनीसाठी अजून कचेऱ्यांचे उंबरे झिजवत आहेत. पाणी उतरल्यावर उघडा पडणारा जो सपाट काठ तंबूला फार छान वाटतो, तो कुणाच्या तरी शेताचा तळ आहे.

आणि हे पाणी जातं कुठे? पवनेचं पिंपरी-चिंचवडला. ते बंद नळातून नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, गोळीबार झाला, तीन जण गेले. मुळशीचं पाणी भिऱ्याला, त्यातली वीज मुंबईला. त्यामुळे ‘शहरापासून दूर’ हे जाहिरातीतले शब्दही मला खोटे वाटतात. शनिवारी वाकडहून निघण्याआधी ज्या नळाखाली अंघोळ केली तिथेच ही भेट सुरू झालेली असते. आपण पवनेला जातो ते दुसऱ्यांदा, पहिल्यांदा पवना आपल्याकडे आलेली असते, आणि तिला कुणी चेकआउटची वेळ दिलेली नाही.

मग जायचं नाही का? मी तर म्हणेन जावं, आणि उन्हाळ्यातच जावं. पाणी भरलेलं असताना सगळं सुंदर दिसतं, आणि काहीच दिसत नाही. उतरलेल्या पाण्यात, भाजलेल्या राबात, वाळलेल्या खाचरात ही जागा कशावर उभी आहे ते दिसतं. काजव्यांसाठी मेअखेरीची वाट बघणाऱ्यांना हे सांगायला नको. काजवे एकमेकांना शोधतात ते उजेडाच्या खुणांवर, आणि आपल्या टॉर्चने त्यांच्या खुणा पुसल्या जातात. अंधार ही तिथली रिकामी जागा नाही, तीच त्यांची बोलायची जागा आहे.

फक्त गिऱ्हाईक म्हणून जाणं आणि पाहुणा म्हणून जाणं यांत निवड करता येते. गिऱ्हाइकाला दर कळला की पुरतो. पाहुण्याला आपण कुणाकडे उतरलो आहोत हे माहीत असावं लागतं. खाचरांना बहुधा नावं असतात, झाडावरून, विहिरीवरून, कधीकाळी तिथे घडलेल्या कशावरून. ते नाव विचारलं तर सांगणारा आधी जरा चमकतो, मग खुलतो, आणि मग अर्धा तास थांबत नाही. गिटारवाल्यापेक्षा हे ऐकण्यासारखं असतं. निघताना लावणी कधी आहे एवढं जरी विचारलं, तरी टॉर्च लावून काचा शोधायला आपोआप वाकलं जातं, असा माझा अंदाज आहे.

रिहे खोऱ्यात आणि आसपास आता दुसऱ्याच पाट्या वाढत चालल्या आहेत, प्लॉटिंगच्या. तारेचं किंवा भिंतीचं कंपाउंड, आत लॉन, स्विमिंग पूल, वर्षातल्या बहुतेक रात्री कुलूप. तिथे बांध सपाट केलेले असतात, कारण लॉनला बांध चालत नाही, आणि वरच्या खाचरातलं पाणी खाली उतरायचं कुठून हे कुणी विचारलेलं नसतं. त्यापेक्षा मला तंबूच आवडतो. सकाळी तो गुंडाळला की खाली पिवळ्या पडलेल्या गवताचा एक चौकोन राहतो, आणि मृगाचा पाऊस आला की कुठे होता तेही सांगता येत नाही.