दुःखाला वाटेकरी असतो काय?

परवा कीर्तन आटोपल्यावर एका शेतकऱ्याने मला गाठून विचारले, "बुवा, भोग ज्याचा त्याला. मग शेजारी कोणी येऊन बसला काय, न बसला काय, फरक तो कोणता?"

प्रश्न वरवर पाहता बिनतोड आहे. सातबाऱ्यावरचे कर्ज सांत्वनाने उतरत नाही, आणि करपलेल्या कपाशीला गोड शब्दांनी बोंडे धरत नाहीत. परंतु भोग निराळा आणि तो भोगणारे शरीर निराळे, हा विवेक येथे केला पाहिजे.

संकट दिसले की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रिनलिन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडतात. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर वाढते. ही सारी सिद्धता पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी होय. पण वाघ घडीभरात निघून जातो. कर्ज मात्र रात्रंदिवस उशाशी बसते. मग तीच सिद्धता झोप नासवते आणि हृदय झिजवते.

आता सोबतीचे पाहा. अमेरिकेत जेम्स कोन या संशोधकाने १६ विवाहित स्त्रियांना विजेचा बारीक धक्का बसेल अशी सूचना दिली आणि त्या वेळी त्यांचा मेंदू न्याहाळला. नवऱ्याने हात धरताच मेंदूतील भयाची खळबळ उतरली; परक्याच्या हातानेही थोडी उतरली. धक्क्याची धास्ती तीच होती! हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला.

त्याच २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातील ६ जिल्ह्यांना मदत जाहीर केली. त्यांत आपला बुलढाणा होता. पुढे अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावचेच कार्यकर्ते घरोघरी जाऊन मनाच्या दुखण्याविषयी बोलत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे, खिन्नतेच्या आजारात उपचार वा मदत घेणारे शंभरात जेमतेम ४ होते, ते दीड वर्षात २७ झाले.

आता स्वतःचे सांगतो. एका दुष्काळात एक गृहस्थ पारावर माझ्यापाशी आला. मी त्याला धैर्यावर चांगले अर्धा तास ऐकवले. तो म्हणाला, "बुवा, समदं खरं हाय. पन जरासक बसा ना." मला पुढच्या गावची एस.टी. गाठायची होती; मी उठलो. त्याचे पुढे निभावले, पण त्याला हवे ते मी दिले नाही, ही टोचणी राहिली.

म्हणून सिद्धांत असा. शेगावहून पंढरपूरला पायी जाताना दिंडीत कोणाचा एक कोसही कमी होत नाही. कमी होतो तो शीण. भोग वाटता येत नाही, भोगण्याचा शीण वाटता येतो. आणि वाटता येत असून न वाटणे हा दोष आपला, त्याच्या प्रारब्धाचा नव्हे.

तेव्हा ज्याच्या घरी चूल थंड दिसेल, त्याच्याकडे आज जावे. उपदेश घरी ठेवावा. बसावे, ऐकावे, आणि दुखणे आपल्या आवाक्याबाहेरचे वाटले, तर त्याला एकटे न धाडता डॉक्टरकडे स्वतः सोबत जावे.